सोडण्यासाठी अडवलेलं पाणी

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात एका गावाच्या नावातच बांध आहे: नवेगावबांध. आसपास सिरेगावबांधही आहे. गावाला देवाचं, झाडाचं, एखाद्या राजाचं नाव असतं हे आपण पाहतो. या मुलखात मातीच्या भिंतीचं नाव गावाला लागतं.

ही भिंत कोलू पाटील कोहळी यानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधली असं सांगतात. तिच्यामुळे डोंगरांच्या कुशीत साठलेलं पाणी आज सुमारे 11 चौरस किलोमीटरांवर पसरलं आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या गॅझेटियरनं या तलावाचा घेर 17 मैल नोंदवला होता. 11 चौरस किलोमीटर पसाऱ्याच्या पाण्याचा फक्त वरचा एक मीटर जाडीचा थर मोजला तरी तो 1100 कोटी लिटर भरतो. आणि हे सगळं धरून ठेवायला ना सिमेंट, ना लोखंड. माती.

घरी एक प्रयोग करून बघा. शेतातलं वाळलेलं ढेकूळ घ्या आणि पाण्यानं भरलेल्या तांब्यात अलगद सोडा. बुडबुडे येतात, कडा सुटतात आणि थोड्याच वेळात तळाशी चिखल उरतो. पाण्यापुढे मातीइतकं दुबळं काही नाही. मग त्याच मातीनं तीनशे वर्षांचे पावसाळे अंगावर कसे घेतले? या प्रश्नाच्या मागे लागलं की आपण आधी भूमितीत शिरतो, मग पदार्थविज्ञानात, आणि शेवटी माणसांच्या कराराशी येऊन थांबतो.

पहिली करामत भिंतीच्या आधीची, म्हणजे जागा निवडण्याची. नवेगावच्या तलावाभोवती सात शिखरं आहेत. लोक त्यांना सातबहिणी म्हणतात. तलावाचा बहुतेक काठ या डोंगरांनी दिला आहे. डोंगराच्या सोंडा जिथे एकमेकींच्या जवळ आल्या, तिथलं खिंडार तेवढं माणसांनी मातीनं बुजवलं. थोड्या मातीत अफाट पाणी. पूर्व विदर्भातले बहुतेक जुने तलाव असेच आहेत. त्यांचा आकार कधी गोल किंवा चौकोनी नसतो, डोंगर जसा वळला तसा काठ वळतो. ज्यांनी ही खिंडारं हेरली त्यांच्याकडे समपातळी मोजायचं यंत्र नव्हतं. पण साठलेलं पाणी हीच तर जगातली सर्वांत अचूक समपातळी. पावसाळ्यात पाणी कुठे थबकतं, कुठून निसटतं, कुठल्या वळणावर जोर धरतं, हे पिढ्यान्‌पिढ्या बघणाऱ्याला डोळ्यांनी नकाशा काढता येतो. कोहळी समाज या कामात इतका तरबेज होता की ब्रिटिश काळातल्या जातींच्या नोंदींतही त्यांची ओळख तलाव बांधणारे म्हणूनच येते. ते उसाचे शेतकरी होते. उन्हाळाभर उसाला पाणी हवं. त्यांचं तलावाचं वेड त्या गरजेतून पिकलं.

आता भिंत बघू. इकडे तिला पाळ म्हणतात, कुणी पार म्हणतात. पाळ लांबून बघितली तर भिंत वाटतच नाही, एक लांबट टेकडी वाटते. माथा अरुंद आणि दोन्ही बाजूंना उतार असा पसरलेला की तळ माथ्याच्या कितीतरी पट रुंद. तो उतार केवळ माती ढासळू नये म्हणून दिला असं वाटेल. त्याचं मोठं काम वेगळंच आहे.

मातीचा बांध पाणी पूर्ण अडवत नाही. अडवूच शकत नाही. तलावाचं पाणी पाळीच्या पोटात शिरतं आणि कणाकणांमधल्या फटींतून पलीकडे सरकू लागतं. चिकणमातीच्या फटी इतक्या बारीक की हा प्रवास गोगलगाईलाही लाजवील इतका मंद असतो. आत शिरताना पाण्याची पातळी तलावाइतकी असते आणि पाळीतून जाताना ती हळूहळू खाली उतरत जाते. पाळ उभी चिरून बघता आली तर ओली माती आणि कोरडी माती यांच्यामध्ये एक उतरती रेषा दिसेल. अभियंते तिला पाझररेषा म्हणतात. ही रेषा पाळीच्या पोटातच खाली उतरून तळाशी गेली तर बांध सुखरूप. ती मागच्या उतारावर मध्येच बाहेर आली, तर तिथली माती ओलीगच्च होऊन घसरू लागते. म्हणून तळ रुंद ठेवायचा: पाण्याला खाली उतरायला पुरेसं अंतर मिळालं पाहिजे.

पाझराचंही एक बरं आणि एक वाईट रूप आहे. पाळीच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी निवळशंख असेल तर बांध निरोगी आहे. ते गढूळ झालं की समजायचं, पाणी आतून मातीचे कण घेऊन निघालं आहे. एक कण गेला की फट रुंदावते, रुंदावलेल्या फटीतून पाणी वेगानं धावतं, वेगवान पाणी आणखी कण नेतं. हळूहळू पाळीच्या पोटात एक नळी तयार होते आणि बाहेरून धडधाकट दिसणारा बांध एका दिवसात जातो. उंदीर-घुशींची बिळं, मेलेल्या झाडाची कुजलेली मुळं, खेकड्यांची भोकं, सगळी या नळीची सुरुवात ठरू शकतात. पाळीवर मोठं झाड वाढू न देण्याची जुन्या लोकांची शिस्त यासाठीच.

या ज्ञानाला शास्त्राची भाषा केव्हा मिळाली ते बघण्यासारखं आहे. वाळूतून पाणी किती वेगानं झिरपतं याचा नियम हेन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्यानं 1856 साली मांडला. माती ओझ्याखाली कशी वागते यावर कार्ल तेर्झागीचा पायाभूत ग्रंथ 1925 साली आला. बांधाची माती नेमकी किती ओली असताना दाबली तर सर्वांत घट्ट बसते, हे अमेरिकेत प्रॉक्टरनं 1933 साली प्रयोगानं दाखवलं: फार कोरडी असेल तर कण एकमेकांवर अडून राहतात, फार ओली असेल तर मध्ये पाणीच जागा अडवतं, आणि या दोन्हींच्या मधल्या एका ओलाव्यावर माती दगडासारखी बसते. जुने लोक माती पातळ थरांत टाकून माणसांच्या आणि गुराढोरांच्या पायांखाली तुडवत. मुठीत दाबलेला गोळा किती ओला हवा, हे त्यांचा हात सांगत असे. ज्याच्या हाताला चिखलणीचा चिखल आणि भिंतीचा गारा यांतला फरक कळतो, त्याला प्रॉक्टरचा आलेख कागदावर नसला तरी तळहातावर असतो.

पण सगळं नीट दाबूनही मातीच्या बांधाला एक गोष्ट मुळीच सोसत नाही. पाणी माथ्यावरून गेलं की तो संपला. दगडी बांधावरून धबधबा कोसळला तरी तो उभा राहू शकतो, मातीचा बांध मात्र काही तासांत धुऊन निघतो. म्हणून पाळ बांधण्याआधी जादा पाण्याची वाट ठरवावी लागते. या भागात त्या वाटेला सलंग म्हणतात, इतरत्र सांडवा. सलंग पाळीच्या माथ्यापेक्षा खाली आणि शक्यतो पाळीपासून बाजूला, कठीण जमिनीवर किंवा खडकावर काढायची. तलाव कितीही भरो, वरचं पाणी तिथून शांतपणे निघून गेलं पाहिजे.

माथ्यावरून पाणी गेलं तर काय होतं, हे पुण्यानं 12 जुलै 1961 रोजी पाहिलं. पानशेतचं मातीचं धरण त्या वर्षी पहिलाच पावसाळा अडवत होतं आणि काम पुरं व्हायचं होतं. पाणी बाहेर काढणाऱ्या नळमार्गाच्या वरची माती खचली, तिथे माथा खाली बसला आणि पाणी त्यावरून निघालं. लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून ती फूट काही तास थोपवून धरली, तेवढ्या वेळात असंख्य जीव वाचले. पाण्याच्या लोंढ्यानं खालचं खडकवासल्याचं दगडी धरणही फुटलं. ज्या ठिकाणाहून पाणी बाहेर सोडायचं तिथेच माती सर्वांत नाजूक असते, हा त्या दिवसाचा तांत्रिक धडा. पाळीत नळ घालणं म्हणजे तिच्या पोटात मुद्दाम भोक पाडणं. मग कोहळ्यांनी हे भोक कसं सांभाळलं?

त्याचं उत्तर तुडुम. माझ्या मते या सगळ्या रचनेतली सर्वांत देखणी कल्पना हीच. तुडुम म्हणजे पाळीच्या आतल्या अंगाला, तलावाच्या बाजूनं बांधलेली पायऱ्यांची दगडी रचना. एकेका पायरीला एकेक भोक आणि भोकात लाकडाची खुंटी. भोकांतून पडलेलं पाणी खाली पाळीखालच्या मार्गानं पलीकडे पाटात येतं. तलाव भरलेला असताना सर्वांत वरची खुंटी काढायची. पाणी त्या पायरीखाली गेलं की पुढची. पाण्याबरोबर माणूसही एकेक पायरी उतरत जातो.

यात काय विशेष, असं वाटेल. खालीच एक मोठं दार ठेवलं असतं तर? आकडे मांडून बघू. पाण्याच्या पृष्ठभागाखाली 10 मीटरवर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 10 टन दाब असतो. तळहाताएवढं, 10 सेंटिमीटर लांब-रुंद भोक तिथे असेल तर खुंटीवर सुमारे 100 किलोचा भार पडतो. शिवाय ती उपटायला पाण्यात 10 मीटर बुडी मारावी लागेल. तेच भोक पाण्याखाली एकाच मीटरवर असेल तर भार 10 किलोवर येतो आणि एक माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा राहून खुंटी काढू शकतो. तुडुमानं अख्ख्या तलावाचा दाब एका माणसाच्या बाहूंत बसवला. खोलातून पाणी ज्या वेगानं उसळतं तो वेगही इथे नाही, त्यामुळे बाहेर पडणारं पाणी पाळीची माती ओरबाडत नाही. वरचं पाणी उन्हानं कोमट आणि गाळ खाली बसल्यानं स्वच्छ असतं, ते धानाला मानवतं. श्रीलंकेतल्या प्राचीन तलावांतही पाणी सोडण्यासाठी बिसोकोटुव नावाची दगडी विहीर बांधाच्या पोटात असे, तीही पाण्याचा जोर मोडूनच त्याला पुढे धाडत असे. इंग्रज अभियंता हेन्री पार्कर तिथले जुने तलाव मोजत हिंडला आणि त्या विहिरी बघून चकित झाला. एकच अडचण दोन मुलखांतल्या माणसांसमोर आली आणि दोघांनीही पाण्याला आधी निवांत करायचं ठरवलं.

इथवर आलं की बांध म्हणजे पाणी अडवणारी वस्तू, ही समजूत सैल होऊ लागते. पाळ पाझर सोडते, सलंग पूर सोडते, तुडुम सिंचनाचं पाणी सोडतं. तिन्ही वाटांनी नीट सोडता येतं म्हणूनच मातीला धरता येतं.

आणि हे पाणी जातं कुठे? पाळीखाली धानाच्या बांध्या पायऱ्यांसारख्या उतरत गेलेल्या असतात. पाटाचं पाणी वरच्या बांधीत शिरतं, तिथून खालच्या बांधीत. भंडारा-गोंदियाकडे पाऊस कमी नाही, वर्षाला साधारण 1300 मिलिमीटर. पण धानाचं दुखणं वेगळं असतं. सप्टेंबरच्या शेवटी, ऑक्टोबरमध्ये धान निसवतं, लोंबीत दाणा भरू लागतो, आणि नेमका तेव्हा पाऊस हात आखडतो. हस्ताचा पाऊस हुकला तर तीन महिन्यांची मेहनत पोचट निघते. त्या दोन-तीन आठवड्यांसाठी तलाव. मातीची पारखही इथे बारीक आहे: कन्हार, मोरंड, सिहार, खरडी, बरडी अशी नावं शेतकऱ्याच्या तोंडी असतात, आणि कुठली माती किती दिवस पाणी धरील हे त्या नावांतूनच कळतं. मोठ्या तलावाच्या वर-खाली बोड्या, म्हणजे छोटी तळी असतात. वरच्या तलावाची सलंग वाहिली की ते पाणी बहुधा खालच्या तलावात पडतं. एकाचं उरलेलं ते दुसऱ्याची सुरुवात.

पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. एवढे तलाव एखाद्या राजानं खजिन्यातून बांधले असते तर त्याचं नाव पाठ्यपुस्तकांत आलं असतं. झालं ते वेगळंच. चांद्याच्या गोंड राजांच्या काळातली एक परंपरा एकोणिसाव्या शतकातल्या जमाबंदी अहवालात नोंदलेली आहे. राजा हीरशहा यानं जाहीर केलं की जो तलाव बांधील, त्याला त्या तलावाच्या पाण्यानं भिजणारी जमीन बक्षीस. जरा थांबून या अटीचा विचार करा. बक्षीस तलावाच्या आकारावर नव्हतं, साठ्यावर नव्हतं, भिंतीच्या उंचीवर नव्हतं. पाणी किती शेतांपर्यंत पोचलं यावर होतं. ज्याला जास्त जमीन हवी त्यानं पाणी जास्त दूर सोडायला हवं. आज पाण्याच्या योजनांचं मोजमाप बऱ्याचदा साठवलेल्या घनमीटरांत होतं. त्या तुलनेत ही एक ओळीची अट मला फार शहाणी वाटते.

मातीचा बांध किती टिकतो याचा एक दाखला माळव्यात आहे. उज्जैन आणि धार ही ज्यांची नगरं, त्या परमारांपैकी भोज राजानं अकराव्या शतकात आजच्या भोपाळजवळ भोजपूरला डोंगरांमधली खिंडारं बुजवून अफाट तलाव केला असं मानतात. बाहेरून प्रचंड दगडांची फरसबंदी आणि पोटात माती. सांडवा बांधापासून दूर, एका टेकडीच्या सलग खडकात कोरलेला. तलाव पुरानं गेला नाही, पाझरानं गेला नाही. पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान हुशंगशहानं बांध मुद्दाम फोडला. लोककथा म्हणते, त्याच्या सैन्याला बांध कापायला तीन महिने लागले, तलाव रिकामा व्हायला तीन वर्षं आणि तळाची जमीन राहण्याजोगी व्हायला तीस वर्षं. आकडे कथेचे आहेत, पण मातीची ताकद लोकांच्या मनात किती ठसली होती हे त्यांतून कळतं.

पूर्व विदर्भातल्या तलावांवर कुणी सैन्य घेऊन आलं नाही. भोसल्यांच्या आणि पुढे इंग्रजांच्या काळात गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांकडे हे तलाव राहिले. उन्हाळ्यात, मृगाच्या आधी, गाव पाळीवर माती टाकायचं. तलावाच्या पोटातला गाळ बैलगाड्यांनी शेतात जायचा. म्हणजे तलाव खोल आणि शेत सुपीक, एकाच खेपेत दोन्ही. मासे धरण्याचे, गुरांना पाणी पाजण्याचे, काठच्या गवताचे निस्तार हक्क ठरलेले होते. या व्यवस्थेत सगळेच सुखी होते असं मी म्हणणार नाही. मालगुजार मालक होता आणि श्रम बहुतेकदा गरिबाचे होते. तरी पाळ कुणाची जबाबदारी, हा प्रश्न मात्र पडत नव्हता. हा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी संपली आणि 1951 मध्ये तलाव सरकारजमा झाले. माजी मालगुजारी हे लांब नाव आखडून लोक त्यांना मामा तलाव म्हणू लागले. सरकारी कागदांतही आता तेच नाव आहे.

नाव प्रेमाचं मिळालं, पण भाचे पांगले. उन्हाळ्यातली माती पडेनाशी झाली. गाळ साचला, उथळ काठावर शेतं चढली, बेशरमाची झुडपं पाण्यात शिरली. खोली कमी झाली की पाणी पसरतं, पसरलेलं पाणी लवकर उडून जातं आणि निसवणीच्या आठवड्यात तुडुमाच्या खालच्या पायऱ्याही कोरड्या पडतात. बांध फुटल्याशिवाय तलाव असा हळूहळू मरतो आणि त्याची बातमी होत नाही.

जिथे गावं पुन्हा कामाला लागली तिथे वेगळं चित्र दिसतं. या तलावांवर जगणारा ढिवर समाज पाण्यातल्या वनस्पती नावानिशी ओळखतो. कोणत्या झुडपात मासा अंडी घालतो, देवधान कुठे उगवतं आणि कोणता पक्षी त्यावर उतरतो, हे त्यांना ठाऊक असतं. काही गावांत त्यांनी, विशेषतः बायकांनी, बेशरम उपटून स्थानिक वनस्पती पुन्हा लावल्या. मासे परतले, मागोमाग पक्षी परतले. गोंदियातले सारस याच धानबांध्या आणि तलावांच्या आधारानं टिकून आहेत. नवेगावच्या तलावाभोवतीचं जंगल 1975 साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आलं. लेखक मारुती चितमपल्लींनी या तलावाच्या काठी काढलेले दिवस ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकात लिहून ठेवले आहेत. शेतीसाठी बांधलेल्या एका पाळीनं वाघालाही पाणी पाजलं.

तुम्ही त्या बाजूला गेलात तर पक्षी बघायला हिवाळ्यात सगळेच जातात, तुम्ही ऑक्टोबरमध्ये जा. पाळीच्या मागच्या पायथ्याशी उतरा आणि झिरपणाऱ्या पाण्याचा रंग बघा. मग पाटाच्या काठानं चालत जा, शेवटच्या बांधीपर्यंत. आणि मान वर करून डोंगराकडे बघा. तिथल्या एका शिखरावर एक ठाणं आहे. कोलू पाटलाला तलाव बांधायला सातबहिणींनी मदत केली असं लोक सांगतात, आणि त्या शिखरावर ते त्यालाच पुजतात, कोलासुर देव म्हणून.